सीट चार बोटं पुढे

थोरल्याचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना फार दिवस अज्ञानात राहावं लागत नसे. उंची बेताची, पण खांदे असे रुंद की अरुंद दारातून तो तिरका आत शिरायचा. धंदा जुन्या इमारती पाडण्याचा. घण मागे नेऊन त्याने एकदा भिंतीला दिला की भिंतीचं काय व्हायचं ते होऊन जाई, दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे. माणसांच्या बाबतीतही त्याची रीत हीच होती.

हा धंदा बापाचा. बाप दिवसभर घण मारून घरी येई, आणि हातात रग उरली असेल तर ती दोन्ही पोरांवर उतरवी. पट्टा, रबराची नळी, पायातली चप्पल, जे हाताला लागेल ते. आई लवकर गेलेली, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं. थोरल्याला मिसरूड फुटत होतं तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी बापाने धाकट्यावर नळी उगारली आणि थोरल्याने त्याचं मनगट धरून पिरगाळलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. बाप खाली बसला, मोडलेलं मनगट मांडीवर ठेवून पोराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." पुन्हा त्याने कुणावर हात उचलला नाही.

पण त्या घराला एका मारणाऱ्या हाताची सवय लागली होती, आणि आता तो हात थोरल्याचा झाला. धाकट्याला त्याने जेवू घातलं, शाळेत धाडलं, तापात त्याच्या उशाशी बसून राहिला, आणि बडवलाही. दूध सांडलं म्हणून, उत्तर दिलं म्हणून, उत्तर दिलं नाही म्हणून. "तुला मी वाढवलाय," असं तो म्हणे आणि त्यात खोटं काही नव्हतं. पुढे बाप एका पडत्या भिंतीखाली सापडून गेला. मागे राहिली ती जुनी पिकअप, दोन घण, चार पहारी आणि दोन भाऊ. थोरल्याचं लग्न झालं. बायको शांत होती, कामाला वाघीण होती. तिच्यावरही त्याचा हात काही वेळा पडला. तिने तोंडातून शब्द काढला नाही, पण त्या त्या दिवशी घरातली भांडी जरा जोरात ठेवली गेली.

मग एका कामावर तुळई निसटली आणि थोरल्याच्या डाव्या गुडघ्यावर आली. गुडघा वाचला, पण क्लच दाबायचं बळ गेलं. तेव्हापासून पिकअप धाकटा चालवायचा आणि थोरला शेजारी बसायचा. पाडकामाचा राडारोडा भरून गाव संपतं तिथल्या खड्ड्यात ओतायचा, की परत दुसरी खेप. दिवसभर केबिनमध्ये दोघंच. बोलायला काही नसे. धाकट्याला गाण्यांचा नाद होता. जुना टेप खरखरायचा, आणि इंजिनाच्या आवाजात गाणाऱ्या बाईचा आवाज दमा झाल्यासारखा व्हायचा.

एका सुट्टीच्या सकाळी थोरला आंघोळ करून बाहेर आला तर पिकअपची सीट आवारात आडवी पडलेली. केबिनच्या एका दारातून दोन पाय बाहेर आले होते, दुसऱ्या दारातून दुसरे दोन. एक जोडी धाकट्याची, दुसरी कर्ण्याची. कर्णा म्हणजे नाक्यावरचा स्पीकर बसवणारा. आयुष्यभर दुसऱ्यांचे स्पीकर वाजवून बघता बघता त्याचे स्वतःचे कान गेले होते. लोक त्याच्याशी ओरडून बोलत, आणि तो मात्र गुपित सांगितल्यासारखं पुटपुटे, कारण आपणच ओरडतोय असा त्याचा समज होता.

"काय चाललंय?" थोरल्याने विचारलं.

धाकटा उताणाच बाहेर सरकला. तोंडावर काजळी, पण चेहरा असा की जणू पोराचं बारसं आहे. "दादा, वूफर बसवतोय. जास्तीचा खर्च नाही केला. वूफर स्वस्तातला आहे, अ‍ॅम्प्लिफायर भंगारातल्या गाडीचा. आणि हे खोकं बघ. आपण ते ऑफिस पाडलं ना, तिथल्या कपाटाच्या फळ्या. मीच कापल्या. सीटच्या पाठीसारखाच उतार दिलाय."

थोरल्याने आत डोकावून पाहिलं. सीटमागच्या चिंचोळ्या जागेत ते खोकं पाचरीसारखं बसलं होतं, वर अरुंद, खाली रुंद. त्यात काळा, गोल वूफर. एक जाड लाल वायर इंजिनाच्या बाजूने आत आली होती.

"गाडीला भोक पाडलंस?"

"नाही रे. आधीचंच होतं, त्यातून ओढली. पत्र्याने कापू नये म्हणून रबर लावलंय. बॅटरीपाशी फ्यूज टाकलाय. काही घोटाळा झाला तर तोच आधी जळेल, गाडी नाही जळणार." मग काळ्या वायरीवर बोट ठेवून, "ही अर्थ. रंग खरवडून पत्र्याला बोल्ट केली. रंगावरच लावली की डास शिरल्यासारखं घूं घूं करतं."

सगळं नीट केलेलं होतं. थोरल्याला बोलायला जागा सापडेना, आणि अशा वेळी त्याचे हात शिवशिवायचे. दोघांनी सीट उचलून जागेवर ठेवली, बोल्ट आवळले. थोरला चढून बसला. सीट चार बोटं पुढे आली होती. त्याचा दुखरा गुडघा सरळ डॅशबोर्डला टेकला.

"सीट मागे घे."

"जात नाही दादा. मागे खोकं आहे."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. दारात बायको ओला कपडा पिळत उभी होती. पिळता पिळता ती थांबली. तेवढ्यात कर्ण्याने, ज्याला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं, गाणं लावलं.

पहिला ठोका थोरल्याच्या पाठीत बसला आणि छातीतून बाहेर पडला. केबिनच्या छताला अडकलेली वर्षांची धूळ खाली आली. आरसा थरथरला. ठेका पडला की डॅशबोर्डवरचे दिवे डोळे मिचकावल्यासारखे मंद व्हायचे, जुन्या बॅटरीला एवढा भार झेपत नव्हता. मोठी भिंत जमिनीवर येते तेव्हा जे पोटात जाणवतं तेच हे होतं, फक्त न थांबणारं. त्याला ते आवडलं. इतकं आवडलं की राग आला. आपल्याला न विचारता कुणीतरी आपल्या आवडीची गोष्ट आणून ठेवली होती, आणि आता "छान आहे" म्हणायचं म्हणजे धाकट्याच्या हाती काहीतरी देऊन बसायचं.

"शेजाऱ्यांची भांडी फळीवरून उड्या मारतील," एवढंच म्हणून तो उतरला आणि लंगडत घरात गेला.

पुढचे काही आठवडे पिकअप ठेक्यावर चालली. थोरला रोज गुडघ्याबद्दल कुरकुरायचा, आणि धाकट्याने आवाज कमी केला की तिरप्या नजरेने बटणाकडे बघायचा.

मग खड्ड्यावरचा तो प्रकार झाला. दुपारची वेळ, राडारोडा ओतायला गाड्यांची रांग. रांग पुढे सरकली तरी यांची पिकअप जागची हलली नाही, कारण धाकटा स्टिअरिंगवर बोटं वाजवत डोळे मिटून बसला होता. मागच्या डंपरने हॉर्न दिला. दिला तो दिलाच. वूफरपुढे तो यांच्या कानापर्यंत पोचला नाही. शेवटी डंपरवाला लोखंडी गज घेऊन उतरला, चालत आला आणि थोरल्याच्या बाजूचा आरसा त्याने फोडला. काचा थोरल्याच्या मांडीवर आल्या.

थोरला उतरला. तो लंगडतोय हे बघून डंपरवाला हसला. तिथे त्याचं चुकलं. त्याने गज उगारला तो थोरल्याने तळहातात झेलला, घणाची मूठ धरून घट्टे पडलेल्या हाताला त्याचं काही वाटलं नाही. मग डोक्याने त्याच्या नाकावर दिली. डंपरवाला वाकला तसा केसांना धरून त्याचं तोंड पिकअपच्या उघड्या दाराच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा. पांढऱ्या धुळीत रक्त पडलं आणि त्यात दात पडले. तिसऱ्यांदा आपटायला थोरल्याने हात मागे नेला तेव्हा धाकटा त्या हाताला लोंबकळला.

"दादा, सोड. मरेल तो."

थोरल्याने सोडलं. डंपरवाला गुडघ्यांवर बसून धुळीत दात चाचपू लागला. खड्ड्याचा मुकादम लांबूनच म्हणाला, "उद्यापासून तुमची गाडी इथे नको." बाकीचे गाडीवाले बघत होते. मध्ये कुणी आलं नव्हतं.

परत येताना टेप बंद होता. अर्ध्या वाटेवर धाकटा म्हणाला, "चूक आपली होती दादा. हॉर्न ऐकूच आला नाही."

"आरसा कोणी फोडला?"

"आरसा बदलता येतो. त्याचं तोंड..."

थोरल्याने बसल्या जागेवरून त्याच्या कानाखाली वाजवली. स्टिअरिंग वळलं, पिकअप रस्ता सोडून चराच्या कडेला गेली आणि एक चाक हवेत धरून थांबली. धाकट्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. ओठातून रक्त येत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"आता परत मारू नकोस," तो म्हणाला. त्यात धमकी नव्हती. टाकीतलं पेट्रोल संपत आलंय असं सांगावं, तसं सांगितलं.

दुसरा खड्डा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. खेपा निम्म्यावर आल्या आणि केबिनमधला वेळ दुप्पट झाला. डॅशबोर्डला टेकून टेकून थोरल्याचा गुडघा सुजला. कुणी विचारलं की तो म्हणे, "त्या डबड्याने धंदा बुडवला." दाराच्या कडेवर तोंड आपटणारे हात त्याचेच होते, हे गल्लीतल्या कुणी त्याला ऐकवलं नाही. ऐकवणार कोण?

एका सकाळी ठणक्याने त्याला लवकर जाग आली. त्याने पहार घेतली आणि पिकअपपाशी गेला. सीटचे बोल्ट काढायचा धीर नव्हता; त्याने सीटची पाठ उपसून पुढे ओढली आणि पहारीचं टोक वूफरच्या मधोमध घातलं. पडदा कागदासारखा फाटला. तेवढ्यावर थांबला असता तर कदाचित निभावलं असतं. पण पाडायला लागला की अर्ध्यावर थांबणं त्याला कधी जमलंच नव्हतं. खोक्याच्या फळ्या उचकटल्या. लाल वायर हिसकली, तिचं टोक पत्र्याला लागलं, ठिणगी उडाली, बॅटरीपाशी काहीतरी फट् झालं. फ्यूज गेला, गाडी राहिली.

"दादा, खाली उतर."

धाकटा मागे उभा होता. अर्धी दाढी केलेली, अर्ध्या गालावर फेस. थोरला उतरला. धाकट्याची नजर आत, फाटलेल्या पडद्याकडे. त्याने विचारलं, "का?"

उत्तर म्हणून थोरल्याने एक दिली. फेस उडाला. मग दुसरी दिली. इतकी वर्षं दुसरीनंतर धाकटा दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसायचा, आणि थोरल्याचा राग तिथे संपायचा. या वेळी तो खाली वाकला खरा, पण वर आला तेव्हा त्याच्या हातात पिकअपपाशी पडलेला, चाकाचे नट सोडवायचा पाना होता.

एकच फटका. थोरल्याला तो लागल्याचं आधी कळलं नाही, ऐकू आलं. डोक्याच्या आत काहीतरी तडकलं. मग जमीन वर आली. तोंड मिटायला गेला तर वरचा जबडा एकीकडे आणि खालचा भलतीकडेच. तोंड रक्ताने भरलं. धाकटा पाना धरून तसाच उभा होता, आणि त्याचा चेहरा बघून थोरला बापाचं मनगट मोडल्यानंतर पहिल्यांदाच कुणाला तरी भ्याला. हा आता दुसरा मारेल असं वाटून त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

दुसरा फटका आलाच नाही. पाना जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग धाकटाच ओरडला, "वहिनी, चादर आण. दादाचं तोंड धर."

त्याच पिकअपमध्ये त्याला दवाखान्यात नेलं. मागे फुटक्या खोक्यातल्या वायरी लोंबत होत्या, बायकोने त्याचा जबडा चादरीत धरला होता, आणि धाकटा अर्ध्या दाढीने गाडी चालवत रडत होता. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" धाकटा तोंड उघडणार, तोच थोरल्याने हात उचलला. धाकटा दचकून मागे सरला. पण तो हात वर छताकडे गेला आणि तिथून खाली आला. वरून काहीतरी पडलं, अशी खूण.

"वीट?" डॉक्टरांनी विचारलं.

थोरल्याने मान हलवली. पाडकामवाल्याच्या तोंडावर वीट पडणं ही काही शंका घ्यावी अशी गोष्ट नव्हती.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. जेवण सगळं पातळ, नळीने. डॉक्टरांनी बायकोच्या हातात एक छोटी पक्कड दिली आणि सांगितलं, "ही कायम जवळ ठेवा. उलटी आली किंवा श्वास अडकला तर तारा तोडायच्या. वाट बघायची नाही." तिने ती पक्कड दोरीत ओवून गळ्यात घातली.

अशा रीतीने, ज्याचं तोंड हातानंतर चालायचं त्याचं तोंड पार बंद झालं. ओरडता येईना, शिवी देता येईना. आणि नवल म्हणजे हातही थंडावला. नुसता मारून गप्प बसायचं हे त्याला जमत नव्हतं. मारल्यानंतर का मारलं ते ओरडून सांगायची त्याला सवय होती. बायको समोर बसून नळी त्याच्या ओठात सरकवायची. एक दिवस ती बोलायला लागली, अगदी साध्या आवाजात.

"आज बरे ऐकत बसलायत. मग ऐका. भाऊजी आठवडाभर गाडीत झोपतात. घरात या म्हटलं तर म्हणतात, मला माझ्या हाताचा भरवसा नाही. ऐकलंत? हे वाक्य तुमच्या तोंडून मी इतकी वर्षं ऐकायला बसले होते. बोललं ते पोर." तिने भांडं खाली ठेवलं, या वेळी अगदी हळू. "आणि मला मारलंत त्याचंही एकदा बोलू. तोंड उघडलं की."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाकाने श्वास घ्यायचा आणि रडायचं, दोन्ही एकदम जमेना, म्हणून त्याने रडणं थांबवलं.

घर चालवायला धाकटा आता स्वतः घण मारत होता. दोन रोजंदारीची माणसं घेऊन छोटी कामं करायचा, संध्याकाळी वहिनीच्या हातात कमाई द्यायचा आणि गाडीत जाऊन बसायचा. फुटका वूफर त्याने काढला नव्हता, नुसती सीटची पाठ लावून झाकला होता.

डंपरवाला आला तो संध्याकाळी, चांगला उजेड होता तेव्हा. बरोबर दोन माणसं, तिघांच्या हातात गज. धाकटा पिकअपचं मागचं फाळकं लावत होता. पहिला गज त्याच्या पाठीत बसला, दुसरा पोटरीवर. तो पडला तशा लाथा सुरू झाल्या. बरगड्यांवर, कमरेवर. धाकट्याने हात डोक्यावर घेतले आणि गुडघे पोटाशी ओढले, त्याला ती बैठक लहानपणापासून येत होती.

थोरल्याने खिडकीतून बघितलं. दारामागचा घण घेऊन तो बाहेर आला. बायको मागून धावली, गळ्यातली पक्कड मुठीत धरून. "तोंडावर एक बसली तर संपाल," ती म्हणत होती. तो थांबला नाही. डंपरवाल्याची पाठ त्याच्याकडे होती. एवढी मोठी पाठ, एवढ्या जवळ. घण पडला असता तर कणा राहिला नसता, आणि थोरल्याला तेच हवं होतं. त्याने घण मागे नेला.

पण अंगात पातळ जेवणाचं बळ, आणि नाकातून जेवढी येईल तेवढीच हवा. घण खांद्यापर्यंत गेला, तिथे क्षणभर रेंगाळला, आणि मग थोरल्यालाच मागे ओढून घेऊन गेला. तो धपकन आवारात बसला. दातांच्या फटींतून फेस आणि लाळ गळायला लागली. त्याला ओरडायचं होतं, आणि बाहेर आला तो बांधलेल्या जनावरासारखा हुंकार.

तिघं वळले. कुणी हसलं नाही. डंपरवाला गज खाली धरून जवळ आला, वाकला आणि थोरल्याच्या सुजलेल्या, निळ्यापिवळ्या तोंडाकडे, दातांमधल्या तारांकडे बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या तोंडात पुढची जागा रिकामी होती. बोलताना त्यातून वारा जात होता.

"हे कोणी केलं?"

"मी," जमिनीवरून धाकटा म्हणाला.

"तू? याचा कोण तू?"

"भाऊ. धाकटा."

डंपरवाला उभा राहिला. एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. एवढी तयारी करून, माणसं जमवून आला होता, आणि कुणीतरी आधीच काम उरकून टाकलं होतं. "सख्खा?" त्याने विचारलं.

"सख्खा."

"मग मी काय करू आता?" हे त्याने खरंच विचारलं, आपल्या दोन माणसांना. त्यांनाही सुचलं नाही. शेवटी नुसतंच परत जायचं बरं दिसेना म्हणून त्याने पिकअपचा एक हेडलाइट फोडला. थोरल्याची बायको मध्ये उभी राहिली. "झालं? आता जा. की मलाही दोन देऊन जाताय?" तिच्या मुठीतल्या पकडीकडे बघून तो दोन पावलं मागे सरला.

जाताना मात्र तो धाकट्यापाशी थांबला. "माझ्या दुसऱ्या डंपरला माणूस नाही," तो म्हणाला. "बरगड्या बऱ्या झाल्या की ये. गाणी लाव, काय लावायचं ते लाव. पण हॉर्न ऐकायचा."

धाकट्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. तो महिना दोघं भाऊ एकाच खोलीत, समोरासमोरच्या खाटांवर पडून होते. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला हसता येत नव्हतं. कर्णा बघायला आला आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटून गेला. वूफरचा पडदा बदलण्यापेक्षा नवीन घेतलेला परवडेल, असं तो म्हणाला असावा, असा वहिनीचा अंदाज.

तारा निघाल्या तेव्हा जबडा एका बाजूला थोडा झुकून जुळला होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू बोला. थोरल्याने बऱ्याच प्रयत्नांनी पहिलं वाक्य धाकट्याला उद्देशून उच्चारलं. ते "तू जा डंपरवर" असं होतं. धाकट्याला वाटलं, दादा हाकलतोय. त्याचा चेहरा उतरला. थोरल्याने परत जुळवाजुळव केली. "इथे राहिलास तर," तो म्हणाला, "एक दिवस तू मारशील. नाहीतर मी. जा."

धाकटा गेला. जाताना भंगारातला अ‍ॅम्प्लिफायर तेवढा काढून घेऊन गेला. खोक्याच्या उरलेल्या फळ्या बायकोने चुलीत घातल्या आणि सीट मागे सरकली. थोरल्याने रोजावर एक वयस्क ड्रायव्हर ठेवला. तो माणूस त्याला भितो आणि त्यामुळे केबिनमध्ये कुणीच बोलत नाही. टेप आहे, पण त्यातून पुन्हा तो दम्याचा आवाज येतो. थोरला तो लावू देत नाही.

हात उठायचा थांबला असं नाही. हे खोटं कशाला सांगा. मारल्याच्या हिशोबाची गोष्ट बायकोने एका दुपारी खरंच काढली, आणि एकेक दिवस नाव घेऊन सांगितला. तो ऐकत होता, ऐकत होता, आणि मग त्याचा हात वर गेला. ती मागे सरली नाही. पक्कड अजून तिच्या गळ्यातच होती. ती तिने मुठीत धरली, एवढंच. तो वळून बाहेर गेला आणि आवाराच्या भिंतीवर मुठी मारत सुटला. बोटांची सालं गेली, विटा सैल झाल्या, भिंतीचा एक तुकडा पलीकडे कोसळला. शेजारच्या घरातल्या बायका दारं लावून आत बसल्या. बऱ्याच वेळाने तो थांबला तेव्हा बायको मिठाच्या पाण्याचं घमेलं घेऊन उभी होती. त्याने त्यात दोन्ही हात बुडवले. पाणी लाल झालं.

"भिंत आपली आहे," ती म्हणाली. "उद्या तुम्हीच बांधा."

थोरल्याने आयुष्यभर भिंती पाडल्या होत्या, बांधली एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी फडकी गुंडाळलेल्या हातांनी तो विटा रचायला बसला. सिमेंटचा माल कधी पातळ झाला, कधी घट्ट. दोन थर झाले आणि तिसरा बाहेर फुगला. दुपारी डंपर घरासमोर येऊन थांबला आणि धाकटा उतरून आला. फुगलेल्या थराकडे त्याने थोडा वेळ बघितलं, मग बाह्या वर केल्या.

"ओळंबा नाही लावलास?"

"कुठे आहे ओळंबा? आपल्या घरात कधी होता?"

धाकट्याने डंपरमधून दोरी आणली, तिला एक नट बांधला आणि भिंत सरळ येते का बघायला ती वरून सोडली. थोरल्याने फुगलेला थर काढून टाकला, या वेळी हळू, एकेक वीट सोडवत.